दहातली सहा मुळं

धैर्यशील पडला तेव्हा आमच्या बागेत घड विरळायचं चाललं होतं. द्राक्षाच्या घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. चौदा बायका मांडवाखाली आणि मी त्यांच्या मागं. एक नवी पोर प्रत्येक मण्यापाशी थांबून विचार करत होती. मी म्हटलं, "अगं, मणी काढायचाय, स्थळ बघायचं नाही तुला. काप आणि पुढं सरक." बायका हसल्या. तेवढ्यात फोन आला.

माझा एकुलता एक मुलगा पठारावरच्या पवनचक्क्यांची दुरुस्ती करायचा. पाती तपासायला उडती यंत्रं आली होती, पण खांबाच्या पोटातला दोर बदलायला अजून माणूसच लागायचा. ज्या दोराला कमरेचा पट्टा अडकवून चढायचं, तोच दोर बदलायला तो चढला होता. चाळीस फुटांवरून सरळ खाली आला. आधी पायांवर, मग बसल्यासारखा कुल्ल्यांवर.

सांगलीच्या बायपासवरच्या इस्पितळात पोचले तर त्याला आत घेतलेलं होतं. सून स्वरूपा बाकावर बसली होती. लग्नाला दोन वर्षं, मूलबाळ नाही. मला बघून रडायला लागली. मी म्हटलं, "रडून कुणाचं हाड जुळलंय? डोळे पूस. लोक बघतायत."

सहा तासांनी मगदूमबाई बाहेर आल्या. हाडांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक कापलेलं. मला बाई आवडली. तिनं आम्हा दोघींना खोलीत बोलावलं आणि माझ्या हातात एक पांढरं हाडूक दिलं. धैर्यशीलच्याच कंबरेची नक्कल, यंत्रानं छापलेली. प्रत्येक तडा जिथल्या तिथं.

"हे बघा काकू. पाठीचे मणके इथं संपतात. त्यांच्याखाली हे तिकोनी हाड. दोन बाजूंना ही रुंद हाडं, त्यांतच मांड्यांचे खुबे बसतात. धडाचं सगळं वजन या तिकोनी हाडातून दोन्हीकडं वाटलं जातं आणि पायांत उतरतं. कमानीतला मधला दगड असतो ना, तसं. तुमच्या मुलाचा तो दगडच फुटलाय. उभा दोन ठिकाणी, आडवा एका ठिकाणी. आता वरचा कणा खालच्या कंबरेला कुठंच जोडलेला राहिला नाही."

"म्हणजे मांडव खांबांवरून निसटलाय."

"बरोबर तसंच. आम्ही तो बांधलाय. खालच्या दोन मणक्यांत स्क्रू घातले, दोन्हीकडच्या रुंद हाडांत बोटाएवढे जाड स्क्रू घातले आणि सगळं टायटॅनियमच्या दांड्यांनी एकत्र केलं. हाड जुळेल."

"मग तुमचं तोंड का असं?"

"त्या हाडाच्या भोकांतून मुळं जातात," बाई म्हणाल्या. "मज्जातंतूंची. ती तुटलीत."

दहा मुळं. डावी-उजवी धरून पाच जोड्या. वरच्या दोन जोड्या पावलं उचलतात, घोटा वळवतात, चालताना कंबर तोलून धरतात. खालच्या दोन जोड्या लघवी, शौच आणि नवराबायकोचं जे असतं ते सांभाळतात. मधली जोडी दोन्हीकडं लागते. पूर्वी ती तुटली की विषय संपायचा. आता तसं नव्हतं. माणसाच्या नाकाच्या छतात एक मज्जातंतू असतो, जो जन्मभर झडतो आणि जन्मभर नवा उगवतो. देवानं वास घेण्यासाठी ही सोय ठेवली, चालण्यासाठी नाही. डॉक्टरांनी ती चोरली होती. नाकातल्या पेशी काढायच्या, वाढवायच्या, केसाएवढ्या नळ्यांत भरायच्या आणि तुटलेल्या मुळाच्या दोन टोकांमध्ये बसवायच्या. बारीक विजेनं वाट दाखवायची. मूळ त्या वाटेनं वाढत जातं, रोज एका तांदळाच्या जाडीएवढं.

"मग बसवा की दहाही," मी म्हटलं.

"त्या जागी रक्ताचा पुरवठा थोडा आहे. दहा बसवली तर दहाही वाळतील. सहा जगतात. तीन जोड्या. मधली घ्यायचीच, तिच्याबरोबर वरच्या दोन घ्यायच्या की खालच्या दोन, एवढंच ठरवायचं. एकवीस दिवसांच्या आत. नंतर टोकं मरतात."

स्वरूपानं विचारलं, "खालच्या घेतल्या तर चालता येणारच नाही?"

"मांडी आणि गुडघा चालवणारी मुळं शाबूत आहेत. पायांना पट्टे आणि दोन कुबड्या घेऊन घरात फिरेल, अंगणापर्यंत जाईल. बाहेर चाकाची खुर्ची. वरच्या घेतल्या तर दीड वर्षात चांगला चालेल. पण लघवी नळीनं काढावी लागेल, जन्मभर. पोट साफ करायलाही हात लागेल. आणि बाकीचं," बाई स्वरूपाकडं बघत म्हणाल्या, "नाही."

"तुम्ही काय केलं असतं?" मी विचारलं.

"मी ठरवत नसते, काकू. मी शिवते."

*

अकराव्या दिवशी माझी जाऊ शालन शहाळी घेऊन आली. सोबत तिचा मुलगा कुलदीप, धैर्यशीलपेक्षा दोन वर्षांनी लहान, उंच, मांड्या खांबासारख्या. शालननं डोळ्यांना पदर लावला, धैर्याची चौकशी केली आणि मग म्हणाली, "आक्का, आत्ता विचारू नये, पण यंदा काठीचं काय?"

आमच्या वाडीच्या भैरोबाची काठी म्हणजे दुमजली घराएवढा वेळू, वर मोरपिसांचा तुरा. चैत्रात ती एकट्या माणसानं कमरेच्या शेल्यात बुंधा रोवून, नाचवत देवळापर्यंत न्यायची. मान खराड्यांच्या थोरल्या घराचा, म्हणजे आमचा. घरात जन्मलेल्या पुरुषानंच ती धरायची; नवरा वारल्यापासून धैर्या धरायचा. एक चैत्र चुकला तर देव समजून घेतो. लागोपाठ दुसरा चुकला तर मान धाकट्या घराकडं जातो. धाकटं घर म्हणजे ही शालन.

मी म्हटलं, "यंदा देवळाच्या भिंतीला उभी राहील. पुढच्या वर्षी धैर्या धरेल."

"धरू दे बाई. तुझ्या तोंडात साखर पडो." तिनं कुलदीपकडं बघितलं. "हा आपला सराव करून ठेवतोय, अडीअडचणीला असावं म्हणून."

मी शहाळी परत तिच्या हातात दिली. म्हटलं, "सराव करणाऱ्याला पाज. त्याला ताकद लागेल."

दुसऱ्या दिवशी मगदूमबाईंनी धैर्यशीलची गुंगी कमी केली. छाती चेपली होती म्हणून घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. पण डोळे उघडे होते. बाईंनी सकाळी त्याला चित्रं दाखवून सगळं समजावलं होतं. "त्याला औषध चालू आहे, त्यामुळं त्यानं हलवलेली मान कायद्यानं चालत नाही," त्या म्हणाल्या. "सही बायकोची आणि आईची. पण त्याला काय हवंय ते घरच्यांनी विचारावं असं मला वाटतं. एकानं आत जायचं, दहा मिनिटं. जखमा उघड्या आहेत."

स्वरूपा उठली. हिरवा डगला तिनं हातात घेतलासुद्धा होता.

"मी जाते," मी म्हटलं.

"आत्या, हे माझं आणि त्यांचं..."

"नऊ महिने मी वागवलाय त्याला. तुझी दोन वर्षं झालीत." मी डगला घेतला. ती काचेपलीकडं उभी राहिली.

धैर्या आत पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा बारीक दिसत होता. मी त्याच्या कानाशी गेले. "बाळा, डॉक्टरनं सांगितलं ना? पाय घ्यायचे ना?"

त्यानं मान हलवली. नाही.

मला वाटलं, त्याला कळलं नाही. मी चादरीवरून त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "हे. चालायचं. काठी धरायची."

नाही.

मग त्यानं माझा हात धरला. हात गार होता, पण पकड होती. तो हात त्यानं आपल्या बेंबीखाली नेला आणि दाबून धरला. दुसऱ्या हाताचं एक बोट काचेकडं गेलं, स्वरूपाकडं. मग परत माझ्या हातावर. दोनदा केलं. तिसऱ्यांदा डोळ्यांतून पाणी आलं.

मला कळलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. मी त्याची आई आहे. तान्हा होता तेव्हा तो कुठल्या कुशीवर रडतोय यावरून मला कळायचं काय दुखतंय ते. सगळं कळलं.

पण मला दुसरंही कळत होतं. लघवीची नळी धोतराखाली झाकते. पांगळेपण कशाखाली झाकायचं? तीस वर्षांचा गडी कुबड्या घेऊन अंगणात पाय ओढतोय आणि कुंपणापलीकडून शालन म्हणतेय, कसं बाई सोसतेस. पोर आज रडतोय, उद्या उभा राहिला की विसरेल. बागेत तरी मी कुठल्या मण्याला विचारून कात्री लावते?

दहा मिनिटं पुरी व्हायच्या आत मी बाहेर आले. म्हटलं, "पाय म्हणाला."

स्वरूपाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "नक्की?"

"मी काय बहिरी आहे?"

"ते बोलले कुठं? नळी आहे. मला काचेतून वाटलं, माझ्याकडं बोट करत होते."

"तुला बोलाव म्हणत होता."

"मग बोलवायचं ना, आत्या!"

"वेळ संपली."

तिनं मगदूमबाईंकडं बघितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मग कागद पुढं केला. स्वरूपानं सही केली. मी खाली माझं नाव लिहिलं, मालन आनंदराव खराडे, एकही काना-मात्रा न चुकता.

*

नळी निघाली, धैर्यशीलला आवाज आला, तोवर मुळं बसवून झाली होती. त्यानं पहिलं वाक्य मला विचारलं. "आई, पाय का?"

मी म्हटलं, "खालची होण्यासारखी नव्हतीच रे. आत उघडल्यावर टोकं चेचलेली निघाली. डॉक्टरचा नाइलाज झाला."

त्यानं छताकडं बघितलं. परत कधी विचारलं नाही. आणि मगदूमबाईंना विचारायची त्याला लाज वाटली. ती लाज मला ठाऊक होती, मीच लावलेली होती लहानपणापासून.

पुढचं सगळं बाईंनी सांगितलं तसंच झालं. पाचव्या महिन्यात डाव्या अंगठ्याला मुंगी चावल्यासारखं झालं. आठव्यात घोटा हलला. वर्ष झालं तेव्हा तो कशाचाही आधार न घेता उंबरा ओलांडून बाहेर आला आणि मी रस्त्यावर उभी राहून हाक मारली, "शालन, ए शालन, जरा बाहेर ये की! दूध उतू जाऊ दे, हे बघ!"

घरात मात्र कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दर चार तासांनी तो मोरीत जायचा, नळी घालून लघवी काढायचा. ओटीपोटावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली असायची. आतला लघवीचा फुगा भरत आला की ती थरथरायची, कारण त्याला स्वतःला कळत नव्हतं. कमरेखाली मागून आणि मधून सगळं मुकं. रोज सकाळी अर्धा तास पोट साफ करायला लागायचा आणि दार आतून बंद असायचं. स्वरूपा त्याचे पाय चोळायची, व्यायाम मोजायची, जेवण वाढायची. तिचं अंथरूण पलीकडच्या खोलीत गेलं होतं. एकदा मी भाकरी थापत होते, तर तिचा आवाज आला, "तुम्हाला हवं होतं ते मिळालं. आता माझं तोंड कशाला बघताय?"

तो उठून मोरीकडं गेला. त्याला वाटलं, टोमणा आहे. तिला वाटलं, गुन्हा कबूल आहे. एका शब्दानं दोघांचाही गैरसमज फिटला असता. तो शब्द माझ्याकडं होता. मी भाकरी उलटली.

*

पुढचा चैत्र आला. मगदूमबाई म्हणाल्या, हाड पक्कं झालंय, वजन पेलेल, पण कशाला पेलायचं? धैर्यशीलनंही तेच म्हटलं. "कुलदीपला धरू दे, आई. मला हौस राहिली नाही."

"तुझी हौस कुणी विचारली?" मी म्हटलं. "तुझा बाप ताप अंगात असताना नाचला होता."

"बापाला नळी नव्हती."

"धोतरात कुणाला दिसतीय नळी?"

शेवटी तयार झाला. माझ्यापुढं तो कधी टिकलाच नव्हता. शेला बांधायला घेतला तर बुंधा रोवायचा खळगा बरोबर त्या चकतीवर येत होता. दाबली जाऊन सारखी थरथरायला लागली. त्यानं ती काढून कोनाड्यात ठेवली. "अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हटलं. "आत्ताच मोकळा होऊन आलायस."

पण आमच्याकडं रीत आहे. काठीवाल्यानं वाटेत पाच घरची आंबील प्यायची. नाचणीची, ताकातली, तांब्या भरून. नाही म्हणायचं नाही, उष्टी टाकायची नाही. पाचवं घर शालनचं. तिचा तांब्या सगळ्यांत मोठा. तिनं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. केलं असेल.

हलगी तापली. धैर्यानं काठी उचलली आणि गावाचा श्वास थांबला. काय चालला म्हणून सांगू! पाठ ताठ, पावलं हलगीवर, तुरा आभाळात डुलतोय. म्हातारे बाप्ये डोळे पुसत होते. कुलदीपसुद्धा "चांगभलं" म्हणून ओरडला. दीड वर्षं ज्या क्षणासाठी मी गिळलं होतं तो क्षण माझ्या पुढ्यात नाचत होता.

देवळाच्या पायऱ्या पंधरा पावलांवर आल्या तेव्हा मला दिसलं. पांढऱ्या धोतरावर, मांडीच्या आतल्या बाजूला, एक ओला डाग. तो वाढत होता. खाली येत होता.

त्याला कळत नव्हतं. तो हसत होता. कितीतरी महिन्यांनी हसत होता, घामानं निथळत, मान वर करून.

हलगीवाल्यानं बघितलं आणि त्याचा हात ढिला पडला. गर्दीत कुणीतरी खुसकन हसलं. दोन-चार फोन वर झाले. शालननं माझ्याकडं बघितलं, आणि खरं सांगते, तिच्या डोळ्यांत त्या वेळी वैर नव्हतं. ती म्हणाली, "आक्का, थांबव की गं त्याला."

थांबवता आलं असतं. एक हाक. पण पायऱ्यांच्या आधी काठी टेकली की मान गेला.

मी हलगीवाल्याला म्हटलं, "हात का थांबला? वाजव."

तो वाजवायला लागला. धैर्या आणखी नाचला. मग स्वरूपा गर्दीतून धावत आली, चपला मागं राहिल्या. तिनं आपली ओढणी ओढून त्याच्या कमरेभोवती गुंडाळली. तेव्हा त्यानं खाली बघितलं.

काठी त्यानं टाकली नाही. उरलेली चार पावलं चालला, पायरीला बुंधा टेकवला, देवाला हात जोडले आणि कुणाकडंही न बघता गर्दीतून घराकडं निघाला. माणसं बाजूला होत होती, वास येत असल्यासारखी.

*

घरी आले तर स्वरूपा न्हाणीपाशी धोतर बादलीत बुडवत होती. धैर्या पाटावर बसला होता, टॉवेल गुंडाळून. त्यानं मला विचारलं, अगदी हळू, "तुला आधीच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग?"

"पंधरा पावलं राहिली होती."

स्वरूपाचा बांध तिथं फुटला, पण माझ्यावर नाही, त्याच्यावर. "त्यांना काय विचारताय? तुम्हीच पाय मागितलेत! मी काचेपलीकडं उभी होते. माझा विचारसुद्धा आला नाही तुमच्या मनात. आता भोगा!"

"मी मागितले?" तो म्हणाला.

"मग कुणी? आत्यांना आत काय सांगितलंत तुम्ही?"

"मी पाय नको म्हणालो. तीनदा म्हणालो. तुझ्याकडं बोट केलं." त्याचा आवाज फाटला. "खालची मुळं होण्यासारखी नव्हती ना? डॉक्टर म्हणाल्या ना तसं?"

"कुठल्या डॉक्टर? माझ्यासमोर म्हणाल्या, कुठलीही घ्या! तुम्ही ठरवा!"

बादलीतलं पाणी वाहत होतं. दोघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं. दीड वर्षात पहिल्यांदा दोघं एका बाजूला होती.

मी म्हटलं, "उभा केला मी तुला. आज गावानं बघितलं ते कुणामुळं?"

"हो," धैर्या म्हणाला. "गावानं बघितलं."

पुढं काही भांडण झालं नाही. मला भांडण चाललं असतं, भांडणात मी कधी हरले नाही. आठ दिवसांत दोघं सांगलीला खोली घेऊन गेली. जाताना तो स्वतः ट्रंक उचलून जिना उतरला.

*

दिवाळीच्या आधी शालन कुंपणाशी आली. "आक्का, धैर्याची तारीख ठरली म्हणं, परत चिरायची?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "हो, ठरली."

"परवाच की. जाणार असशील ना?"

"जाणार तर. आईच नसेल तर कसं?"

ती गेल्यावर मी पहिली गाडी धरून मगदूमबाईंकडं गेले. त्यांनी दार लावून घेतलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"गेल्या वर्षापर्यंत हे जमत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता जमतं. जी मुळं रुजलीत ती जिवंत आहेत, वाट शिकलीत. त्यांची टोकं सोडवून खालच्या रिकाम्या वाटांत बसवायची. अंतर थोडं, सहा महिन्यांत कळतं. लघवीचं जवळजवळ नक्की. बाकीचं निम्मं-निम्मं."

"आणि पाय?"

"पायांत गेलेले फाटे वाळतात. पट्टे आणि कुबड्या. तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच."

"दोन वर्षं लागली त्याला उभा करायला! चालतं झाड कुणी उपटतं का? तुम्ही नाही म्हणा. तुमचं ऐकेल. सांगा, होण्यासारखं नाही म्हणून."

बाई हसल्या, वाईट हसल्या. "तुम्हाला ते वाक्य सोपं जातं, नाही का? काकू, त्या दिवशी तुम्ही बाहेर आलात तेव्हा मला शंका आली होती. मी परत आत जाऊन विचारायला हवं होतं. पुढची शस्त्रक्रिया वाट बघत होती, मी कागद पुढं केला. ते माझं पाप, मी त्याला सांगितलंय. तुमचं तुम्ही बघा."

"मी आई आहे. माझी सही लागेल."

"नाही लागत. त्याची मान आता कायद्यानं चालते."

*

परवा म्हणता म्हणता ती सकाळ उगवली. मी इरकली लुगडं नेसले, नाकात नथ नको म्हणून मोरणी घातली आणि आठ वाजता इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन उभी राहिले. लांब पट्टा होता, पांढऱ्या फरशीचा, टोकाला शस्त्रक्रियेचं दुहेरी दार.

धैर्या आणि स्वरूपा लिफ्टमधून आले. त्यानं हिरवा झगा घातला होता. परिचारिकेनं चाकाची खुर्ची पुढं केली. "बसा, दादा. नियम आहे."

"चालत जातो," तो म्हणाला. "मग बसायचंच आहे."

ती हसली, खुर्ची बाजूला घेतली. हातातली पाटी त्याच्यासमोर धरली. "नाव सांगा. काय करायचंय ते तुमच्या शब्दांत सांगा. आवाज नोंदला जातोय."

"धैर्यशील आनंदराव खराडे. पायांची मुळं काढून खाली लावायची. पाय जातील, मला माहीत आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही. मला हवंय म्हणून."

मी पुढं झाले. बोलायचं बरंच ठरवून आले होते. म्हटलं, "धैर्या, अजून वेळ गेली नाही रे. सहा महिने थांब. चैत्र होऊ दे."

हेच का तोंडातून निघालं, मला सांगता येणार नाही. दुसरं काहीतरी होतं जिभेवर.

त्यानं ऐकलं. चेहऱ्यावर राग आला असता तर मी धरून ठेवला असता. काहीच आलं नाही.

परिचारिकेनं विचारलं, "नातेवाईक कोण थांबणार? काही लागलं तर कुणाला बोलवायचं?"

"ही," तो म्हणाला आणि स्वरूपाच्या खांद्यावर हात ठेवला. "बायको."

"आणि या आजी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. पाठ ताठ, दोन्ही टाचा फरशीवर पक्क्या. बापापेक्षा बोटभर उंच.

"त्या आमच्या गावाकडच्या आहेत," तो म्हणाला. "भेटायला आल्या होत्या. निघतायत."

परिचारिकेनं पाटीवर काहीतरी दाबलं, माझ्याकडं बघून मान झुकवली आणि बाहेरच्या बाजूला हात दाखवला. स्वरूपा त्याच्या कानाशी काही बोलली. तो हसला. मग तो त्या लांब पट्ट्यावरून दाराकडं चालत गेला, एकटा, कशालाही न धरता. एकही पाऊल वाकडं पडलं नाही.